विषयांतर, अवांतर, आनुषंगिक: शोधनिबंधावरच्या चर्चेत कोणता शब्द केव्हा?

प्रश्न: आमचा गट तांत्रिक शोधनिबंध वाचून त्यावर ऑनलाइन चर्चा करतो. मुद्दा सुटला की कुणी 'विषयांतर' म्हणतं, कुणी 'अवांतर', कुणी 'अप्रस्तुत'. हे समानार्थी आहेत का? नव्या सभासदांसाठी सूचना लिहायची आहे.

प्रतिसाद १: समानार्थी नाहीत. 'अवांतर' निंदेचा शब्द नाही. 'अवांतर वाचन' आपण कौतुकानंच म्हणतो. लिहिणारा स्वतः 'अवांतर' असं वर लिहून एखादी ओळ जोडतो, तेव्हा ज्याला नको तो ती ओलांडून पुढे जातो आणि मूळ चर्चेला धक्का लागत नाही. विषयांतरात मूळ विषयच मागे पडतो. त्यामुळे एका प्रतिसादाला 'विषयांतर' म्हणण्याची घाई करू नये. त्यामागून सगळे तिकडे वळले की ते विषयांतर. 'अप्रस्तुत' सूचनेत नकोच, त्याला अनुचितपणाची छटा चिकटली आहे. 'फाटे फोडणे' तर सरळ हेतूवरच आरोप.

प्रतिसाद २: यात 'आनुषंगिक' राहिला, आणि संशोधनाच्या चर्चेत सगळ्यात मोलाचा तोच. जुलै २०२३ मध्ये एलके-९९ या पदार्थाबद्दल दावा झाला, की तो सामान्य तापमानाला आणि सामान्य दाबाला अतिवाहक आहे, म्हणजे त्यातून वीज कसल्याही रोधाविना वाहते. त्यावर बोलताना लेखकांमधले मतभेद, शेअर बाजार, नोबेल असं सगळं निघालं. दावा खरा की खोटा, हे त्यातल्या कशानंही ठरणार नव्हतं. नमुन्यात भेसळ म्हणून आलेल्या कॉपर सल्फाइडचा मुद्दा मात्र निर्णायक ठरला. सुमारे १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते आणि रोध एकदम घसरतो, म्हणजे अतिवाहकतेचा पुरावा म्हणून दाखवलेली घसरण या भेसळीनंही होऊ शकते. वरवर पाहता ही दुसऱ्याच पदार्थाची गोष्ट! असा प्रतिसाद कुणी 'विषय सोडू नका' म्हणून उडवला असता तर चर्चेचा गाभाच गेला असता. म्हणून विषय किती लांबचा आहे ते मोजू नका. त्यानं निबंधातल्या दाव्याचं वजन कमी-जास्त होतं का, एवढंच विचारा.

प्रतिसाद ३: ही कसोटी न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, आहेच. त्याच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, वादात हरल्याच्या खुणा, म्हणजे निग्रहस्थानं, २२ सांगितली आहेत. त्यांतलं एक 'अर्थांतर'. चालू मुद्द्याशी संबंध नसलेला अर्थ मांडणं, असं त्याचं लक्षण. त्यावरच्या वात्स्यायनांच्या भाष्यातलं उदाहरण फार नेमकं आहे. शब्द नित्य आहे, कारण त्याला स्पर्श नाही, हा हेतू (इथं अर्थ: कारण), असं एक वादी म्हणतो, आणि लगेच 'हेतु' हा शब्द कोणत्या धातूपासून झाला ते सांगत सुटतो. तो सांगतो ते व्याकरण असेलही बरोबर, पण शब्दाच्या नित्यतेबद्दल त्यातून काहीच हाती लागत नाही. निबंधातल्या प्रयोगावर बोलायचं सोडून शीर्षकातल्या शब्दावर पन्नास प्रतिसाद पडतात, ते हेच. 'अर्थांतर' आज बोलण्यात नाही, सूचनेत घालू नका, पण मनात ठेवा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मसुदा असा: 'निबंधातल्या दाव्याला धरून लिहा. आनुषंगिक मुद्द्याचा दाव्याशी संबंध पहिल्याच वाक्यात सांगा. अवांतर मजकुरावर तसं लिहा. विषयांतर होऊ लागलं तर वेगळा धागा काढा.'

प्रतिसाद १: छान. वेगळ्या धाग्याला शिक्षा समजू नये, हेही लिहा. २००९ मध्ये गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी अनेकांनी मिळून एक गणिती सिद्धता शोधण्याचा पॉलीमॅथ उपक्रम सुरू केला, तेव्हा त्याला लागून असलेले काही प्रश्न दुसरे गणितज्ञ टेरेन्स ताओ यांच्या ब्लॉगवर समांतर चालले आणि तिथंही खरं काम झालं.

प्रतिसाद २: आणि 'दाव्याला धरून' ऐवजी 'दाव्याला किंवा पद्धतीला धरून' करा. नाहीतर नमुना कसा निवडला हे विचारणाऱ्यालाही कुणीतरी गप्प करेल.