500 रुपयांचं नाटक: महाग की स्वस्त? आणि नाटक कंपनी गेली कुठे?

बाल्कनीवाला

परवाच्या रविवारी आई, बायको आणि मी असे तिघं मुंबईत नाटकाला गेलो. नाट्यगृहाचं आणि नाटकाचं नाव घेत नाही, मुद्दा तो नाहीये. 500 ची तीन तिकिटं, जायला-यायला टॅक्सी, मध्यंतरात वडा-कॉफी, सगळं मिळून दोन-सव्वादोन हजाराला चाट. आणि समोर काय, तर सोफा, सोफ्यामागे जिना, जिन्यावर बेडरूमचं दार जे अडीच तासात एकदाही कोणी उघडलं नाही, आणि चार पात्रं, त्यातली दोन सिरीयलमधली. सिरीयलवाला एंट्रीला आला की टाळ्या, त्याने सिरीयलमधलंच वाक्य टाकलं की परत टाळ्या. नवरा लपवतोय, बायको हुडकतेय, शेजारी नको त्या वेळी टपकतोय. झालं नाटक.

माझं म्हणणं एवढंच की मुंबई-पुण्यात व्यावसायिक नाटक कंपनी अशी काही उरलेलीच नाही. किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व, ललितकलादर्श ह्या खऱ्या कंपन्या होत्या, पगारी नट, साजिंदे, स्वतःचे पडदे, कपडेपट, बिऱ्हाडासोबत आचारीसुद्धा. आज काय आहे? एक निर्माता, एक बॅनर, मिळतील त्या तारखा आणि शूटिंगमधून सुटतील ते नट. शनिवार-रविवार जमायचं आणि सोमवारी पांगायचं. वर प्रयोग संपला की पडद्यापुढे उभं राहून 'मराठी माणूस नाटकाला येत नाही हो' हे ऐकवणार कोणाला, तर ज्यांनी तिकीट काढलंय त्यांनाच! अहो न आलेल्यांना जाऊन सांगा की.

नाट्यवेडी

शेवटच्या वाक्याला +१. बाकी सगळ्याला असहमत, रात्री सविस्तर लिहिते.

विंगेतला

19 वर्षं बॅकस्टेजला आहे, म्हणून लिहितोय, राग मानू नका.

तुम्ही बघितलेलं ते दार उघडलं नाही कारण त्याच्यामागे काही नाहीये, तिथे एक ब्रेस म्हणजे सेटला मागून दिलेला टेकू आहे, त्यावर वजन ठेवलंय आणि मी उभा आहे. ते पण नाटकातलं कामच आहे. दुपारचा प्रयोग 4 चा असला तर आमचा टेम्पो मागच्या गेटला 1 च्या आधी लागतो, पण सकाळचं नाटक सुटून त्यांचा सेट निघाल्याशिवाय आम्हाला स्टेज मिळत नाही, म्हणजे हातात दीड तास, कधी त्याहून कमी. त्यात फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) उभे करायचे, दोरी मारायची, खिळे ठोकायचे, लेव्हल म्हणजे उंचवटे लावायचे, लाइटवाला शिडीवर, त्याच्याखालून आमची ये-जा, कपडेपटवाल्याला इस्त्रीसाठी पॉइंट मिळत नाही म्हणून त्याची बोंब. तिसऱ्या घंटेला पडदा वर जातो तेव्हा सोफ्यावरची उशी सरळ करून मी नुकताच विंगेत आलेलो असतो. हे सगळं करून 8 च्या प्रयोगाला दुसऱ्या गावात.

आणि जिना का असतो म्हणाल तर सेट टेम्पोत मावायला लागतो आणि दीड तासात उभा राहायला लागतो. दहा ठिकाणचे स्टेज दहा मापांचे. डिझायनरला काय हौस आहे का दर वेळी दिवाणखाना करायची.

पगाराचं बोललात ते मात्र खरं. आम्हाला नाईट मिळते. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. नटाचा घसा बसला, प्रयोग रद्द, की आमची पण नाईट गेली. 2020 च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा आमच्यातले कित्येक जण भाजी विकायला, डिलिव्हरीला लागले, काही जण परत आलेच नाहीत.

एक्सेलमास्तर

थोडा हिशोब करू या का, सगळे आकडे समजा म्हणून घ्या. समजा 800 खुर्च्या. पुढचे 500, मधले 400-300, बाल्कनी 200, सरासरी 350 धरा. हाऊसफुल्ल झालं तर 2 लाख 80 हजार. पण हाऊसफुल्ल बोर्ड लागतो किती नाटकांना? निम्मं भरलं तर 1 लाख 40. त्यातून भाडं, पेपरातली जाहिरात, नटांच्या नाईट, बॅकस्टेज, लाइट-साउंड, टेम्पो, बस, बुकिंगचं कमिशन, शिवाय लेखक-दिग्दर्शक-संगीतकार-नेपथ्यकार यांचं प्रत्येक प्रयोगाचं मानधन. सेट करायला आणि तालमीला घातलेले पैसे अजून धरलेच नाहीत, ते वसूल व्हायला किती प्रयोग लागतात ते निर्मात्याला विचारा, तो उत्तर न देता चहा मागवेल.

आता 500 च का? जीएसटी. नाटकाच्या 500 पर्यंतच्या तिकिटाला कर माफ आहे, ही मर्यादा आधी 250 होती, 2018 च्या जानेवारीत 500 केली. 501 केलं की 18 टक्के. म्हणून बहुतेकांचं घोडं 500 वर अडलंय. तेव्हापासून डिझेल, लाकूड, प्लायवूड, जाहिरात सगळं कुठल्या कुठे गेलं. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला नाटकाच्या तिकिटाएवढे पैसे देताना कोणी धागा काढत नाही.

बाल्कनीवाला

मास्तर, पॉपकॉर्नचं उदाहरण दर वेळी येतं. मी पॉपकॉर्न पण घेत नाही, घरून चिवडा नेतो (आत सोडत नाहीत ते सोडा). तुमचा खर्च वाढला हा तुमचा प्रश्न, मला 500 मध्ये काय मिळालं हा माझा. हॉटेलवाला गॅस महागला सांगतो म्हणून मी करपलेली पोळी खात नाही ना.

विंगेतले दादा, तुमच्याबद्दल तक्रार नाहीच. उलट तुम्ही माझाच मुद्दा मांडताय. कंपनी असती तर तुम्हाला महिन्याचा पगार असता.

पेठेतला

कंपनी कंपनी करताय म्हणून जरा आठवण करून देतो. पगार होते हो, पण त्या कंपन्यांचं पुढे काय झालं? गंधर्व मंडळी कर्जात बुडाली. भरजरी शालू, अत्तरं, प्रत्येक गोष्ट उंची, आणि गल्ला आला तसा गेला. 1932 ला मराठी बोलपट आला आणि ही एवढी मोठी बिऱ्हाडं कोणाला पोसेनात. 1921 मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त मानापमान केलं ते आपण अजून अभिमानाने सांगतो, पण केशवराव त्याच वर्षी गेले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते सगळं वैभवच ओसरलं. त्यामुळे पगारी कंपनी म्हणजे काही सोन्याचा काळ नव्हता, तो एका जबरदस्त नटाच्या गळ्यावर उभा असलेला डोलारा होता. गळा गेला की डोलारा गेला.

अवांतर: आमच्या पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर 1968 चं आहे. ते पाडून नवीन बांधायचं की नाही ह्यावर जेवढी चर्चा झालीये तेवढी त्यात लागणाऱ्या नाटकांवर कधी झाली नाही.

कल्याणकरीण

पुणेकर अवांतर लिहिल्याशिवाय राहत नाहीत, असो.

माझा मुद्दा वेगळाच आहे. तिकीट 500 असो की 300, मला नाटक परवडत नाही ते वेळेमुळे. रात्री साडेआठचा प्रयोग, सुरू होतो पावणेनऊला कारण कोणीतरी पाहुणे यायचेत, सुटतो साडेअकराला, मग दादरहून ट्रेन, कल्याणला उतरून रिक्षा, रिक्षावाला म्हणणार नाही येत. आमच्याकडे अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला फुले, ठाण्याला गडकरी आणि घाणेकर, तिथे नाटक लागतं तेव्हा आम्ही पळत जातो आणि ते भरतं पण, कारण आजचा नाटकवाला प्रेक्षक दादरला राहतच नाही, तो कधीच बदलापूरला गेलाय. आणि बायकांचं स्वच्छतागृह! मध्यंतर 10 मिनिटांचं आणि रांगेत 40 जणी. एका नाट्यगृहात (नाव नको) दुसरा अंक सुरू झाला तरी आम्ही रांगेतच, आतून हशा ऐकू येतोय आणि आम्ही एकमेकींना विचारतोय काय झालं असेल. पहिले ते करा मग प्रेक्षक का येत नाहीत ते विचारा.

गिरणगावकर

कल्याणकरीण ताई बरोब्बर बोलल्या, फक्त एक घालतो. परळचं दामोदर नाट्यगृह, 1922 सालचं. आमच्याकडे गिरणीतली माणसं पाळी संपवून नाटकाला यायची, आणि नुसतं बघायला नाही, करायला पण. कोकणातलं नमन, शक्ती-तुरा (दोन शाहिरांचा गाण्यातला सामना), दशावतार, सगळं तिथे व्हायचं, गावची मंडळं शनिवारी रात्रीचा हॉल घ्यायची आणि सगळी वाडी लोटायची. 2023 च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) 2000 खुर्च्यांचं चकाचक थिएटर उघडलं, परदेशी म्युझिकल येतात, तिकिटं हजारांत. ते पण भरतं बरं का! म्हणजे मुंबईत पैसे देणारे आहेत, पण ते आपले नाहीत, आणि जे आपले होते त्यांचा हॉल पडला. शक्ती-तुऱ्यातला शाहीर रात्रभर गातो, त्याला तुम्ही व्यावसायिक म्हणत नाही, हौशी म्हणता, का ते मला अजून कळलेलं नाही.

नाट्यवेडी

आले. बाल्कनीवाले, तुमच्या चार पात्रांच्या तक्रारीवर फक्त एकच उदाहरण. संगीत देवबाभळी, 2017, भद्रकाली प्रॉडक्शनचं, प्राजक्त देशमुखांचं. स्टेजवर फक्त दोन बायका. सिरीयलमधलं वाक्य नाही, फार्स नाही, आवली आणि रखुमाई बोलतायत, आणि गातायत, प्रत्यक्ष, तिथल्या तिथे. ह्याच तुमच्या 'उरलेल्या नाहीत' म्हणता त्या व्यावसायिक रंगभूमीवर, ह्याच वीकेंडच्या तारखांवर, हाऊसफुल्ल. आणि हे बॅनर कोणाचं, तर मच्छिंद्र कांबळींचं, ज्यांनी मालवणी वस्त्रहरण 5000 प्रयोगांच्या वर नेलं. बाबांनंतर मुलगा चालवतोय. ही कंपनी नाही तर काय आहे? पगारपत्रक नाही म्हणून कंपनी नाही, असं थोडंच असतं.

आणि प्रशांत दामले यांचे 2022 मध्ये 12,500 प्रयोग झाले, एका माणसाचे. इतकी वर्षं शनिवार-रविवार घरी नाही. तो माणूस सोमवारी पांगतो म्हणणं म्हणजे कमाल आहे.

बाल्कनीवाला

देवबाभळी मी तीनदा बघितलंय! तेच तर म्हणतोय. एक चांगलं सांगा म्हटलं की सगळे तेच सांगतात. बाकीच्या जाहिरातींचं पान शनिवारी उघडून बघा, 'धमाल', 'फुल्ल टू', 'पोट धरून हसाल', आणि फोटोत सगळ्यांनी डोळे मोठे केलेले.

एक्सेलमास्तर

कारण गंभीर नाटक ग्रुप बुकिंगला विकलं जात नाही. गुजराती नाटकवाले बघा, तिथे महिला मंडळं, ज्ञातीचे ग्रुप, क्लब अख्खा शोच घाऊक घेतात, निर्मात्याला तिकीट खिडकीची धाकधूक नाही. पण मग नाटक पण त्या ग्रुपला पचेल असंच लागतं. आपल्याकडे सोसायट्या आणि बँकांच्या कर्मचारी संघटनांचे कॉन्ट्रॅक्ट शो असायचे, ते कमी झाले. आता सगळी भिस्त रविवारवर आणि नाव असलेल्या नटावर. नाव कुठून येतं? सिरीयलमधून. म्हणून टाळ्या.

पेठेतला

म्हणजे प्रेक्षकच टाळ्या वाजवतो आणि प्रेक्षकच तक्रार करतो.

बाल्कनीवाला

मी नव्हत्या वाजवल्या. आईने वाजवल्या. आईला नाटक आवडलं हे पण प्रामाणिकपणे लिहून टाकतो, घरी येईपर्यंत टॅक्सीत त्या शेजाऱ्याची नक्कल करत होती.

विंगेतला

मग झालं की पैसे वसूल, आता काय पाहिजे 😀

साहेब, तारखांबद्दल पण सांगतो. नाट्यगृह तीन-तीन महिन्यांच्या तारखा वाटतं. महिन्यात रविवार चार, निर्माते शंभर. ज्याचं नाटक चालतं त्याला रविवार दुपार मिळते, नवीन माणसाला मंगळवार. मंगळवारी कोण येतं? 60-70 माणसं. त्यांच्यासमोर पण नट तेवढ्याच जोरात करतात, मी विंगेतून बघतो. त्यातली बरीच नाटकं तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच बंद होतात. तुम्हाला जे रविवारी दिसतं ते गाळून उरलेलं असतं. चाळण कोणी लावली ते बघा एकदा.

आणि एवढं लिहिलंत तर एक करा. येत्या रविवारी दुपारी 1 वाजता मागच्या गेटला या, कुठे ते मेसेज करतो. एक पोरगा गावाला गेलाय, फ्लॅट धरायला दोन हात कमी आहेत. वडा माझ्याकडून.

बाल्कनीवाला

येतो. पण 4 ला पुढे जाऊन तिकीट काढूनच बसणार, आणि नाही आवडलं तर इथेच येऊन लिहिणार.

कल्याणकरीण

मी पण येऊ का? रविवारी मेगाब्लॉक मेन लाइनला आहे की हार्बरला ते बघून सांगते.