हम्बोल्टमध्ये गांजाच्या शेतीला ओढ्याचं पाणी चालतं का?

कोपरगावकर_सॅक्रामेंटो: माझा मावसभाऊ उत्तर कॅलिफोर्नियात, हम्बोल्ट काउंटीत, परवान्याच्या गांजाशेतीत पैसे घालतोय. उघड्यावरची २०० झाडं. मालक म्हणतो, ओढा बारमाही आहे, पाण्याची काळजी नको. पंप लावला तर चालेल ना?

मोरीवाली: नाही चालणार दादा. मी सहा वर्षं त्याच डोंगरांत रस्ते आणि मोऱ्यांची, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणाऱ्या पाइपांची, कामं बघते. राज्याच्या जलमंडळाचा नियम आहे: १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर गांजासाठी ओढ्यानदीचं पाणी उचलायचं नाही. तिकडे पाऊस हिवाळ्यात. तेव्हा, प्रवाह पुरेसा असेल त्या दिवशीच, भरून ठेवायचं आणि उन्हाळा त्यावर काढायचा. ओढा बारमाही असेल तर लागवड त्याच्यापासून १५० फूट लांब.

हिशोब करा. उन्हाळ्यात झाडामागे दिवसाला २२ लिटर धरले तर १५० दिवसांचे ६ लाख ६० हजार लिटर. म्हणजे ५,००० गॅलनच्या ३५ टाक्या, आणि त्या ठेवायला सपाट जागा.

हे नियम मला जाचक वाटत नाहीत. एका सप्टेंबरात वरच्या अंगाला कुणी पाइप टाकला होता. खालच्या डोहात कोहो सामन माशाची बोटभर पिल्लं, पाणी घोट्याएवढं. ती समुद्रात जाण्याआधी वर्षभर ओढ्यातच राहतात. चार दिवसांनी गेले तर नुसता चिखल. अजून डोळ्यांपुढून जात नाही.

कोपरगावकर_सॅक्रामेंटो: आणि बोअर मारला तर?

मोरीवाली: चालतो. पण ओढ्याला लागून असेल तर मंडळ त्यावरही बंदीचा काळ लावू शकतं. ओढ्यातून पाणी घ्यायचं किंवा पात्रात काम करायचं तर मत्स्य व वन्यजीव खात्याला आधी कळवावं लागतं, बहुतेकदा करारही होतो. मालकाकडे तो कागद मागा.

फ्रीमाँटचा_अण्णा: पाण्याआधी भावाचा व्हिसा बघा. राज्यात कायदेशीर असलं तरी केंद्राच्या कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे. ग्रीन कार्ड अडकू शकतं. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय सही नको.

कोपरगावकर_सॅक्रामेंटो: तो नागरिक आहे अण्णा, पण विचारून घेतो. मालकाला फोन केला. टाक्या तीन आहेत. भाऊ शनिवारी जागा बघायला जाणार आहे.

मोरीवाली: मग त्याला मोऱ्यांचे फोटो काढायला सांगा, खालच्या तोंडाचे. पाइप अधांतरी लटकत असेल तर मासा वर चढत नाही, आणि पहिल्या मोठ्या पावसात रस्त्याची माती ओढ्यात जाते. ती मोरी बदलायचा खर्च नव्या भागीदाराच्या गळ्यात पडतो.