मदत हवी आहे: विणकाम मशीनवर डाव्या काठाचे टाके गळतात

झुळूक: स्वेटरची पाठ कशीबशी झाली, पण पुढचा भाग अडलाय. दर चार-पाच ओळींनी डाव्या काठाचा टाका गळतो. उजवीकडे काहीच त्रास नाही. तीनदा उसवलं. हा भाग आजच संपवायचा आहे, लवकर सांगा.

उलटसुलट: मशीन कुठलं? दोन सुयांमधलं अंतर ४.५ मिमी की ९? टाका लहान-मोठा करणारा डायल किती आकड्यावर आहे? लोकर कुठली? विणलेल्या भागाला खाली ओढणारी वजनं लावली आहेत का?

जुनी_पट्टी: स्पंज पट्टी, म्हणजे सुयांना वरून दाबून ठेवणारी पट्टी, बदला. पट्टी बाहेर काढून बघा: स्पंज धातूच्या कडेच्या वर फुगलेला दिसत नसेल तर तो बसलाय. मग सुया खाली दाबून राहत नाहीत, डुगडुगतात आणि धागा आकड्यात येत नाही. नवी पट्टी सरकवताना सगळ्या सुया मागे ढकला आणि हाताने खाली दाबून धरा, नाहीतर पट्टी सुयांच्या खालून जाते.

तिसरी_सुई: पट्टी बसली असती तर मधलेही टाके गळले असते. काही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. वाया जाणाऱ्या धाग्याने तेवढेच टाके १० सुया डावीकडे सरकवून घाला आणि ३० ओळी विणा. गळती त्याच क्रमांकाच्या सुईवर राहिली तर दोष सुईत किंवा पट्टीत. काठाबरोबर सरकली तर दोष धाग्यात किंवा वजनात.

जुनी_पट्टी: पट्टी एका टोकालाही बसते. नेहमी त्याच सुयांवर विणलं की तिथलाच स्पंज चेपतो.

तिसरी_सुई: बरोबर, आणि ते या चाचणीतच कळेल.

शिवणटीप: खांदे शिवायला बसू नका, मशीनवरच जोडा. पुढच्या भागाच्या खांद्याचे टाके सुयांवर चढवा, सुलट बाजू तुमच्याकडे. मग पाठीचे टाके त्याच सुयांवर, सुलट बाजू आत. पाठीचे टाके पुढच्या टाक्यांतून ओढून घ्या, डायल १० वर ठेवून एक ओळ विणा आणि टाके बंद करा.

उलटसुलट: पुढचा भाग तर होऊ दे त्यांचा.

झुळूक: मशीन ४.५ चं, २०० सुयांचं. टाके १२०, डायल ६. लोकर साधीच, हाताने विणायची डीके (मध्यम जाडीची). गोळा खाली जमिनीवर. वजनं सुरुवातीला लावली होती.

उलटसुलट: सगळं इथेच आहे! डीके या मशीनला जाड पडते. ६ वर फंदा लहान, त्यामुळे कॅरेज (सुयांवरून सरकवायचा भाग) जड जातं आणि टाका सुईवरून नीट उतरत नाही. डायल ९ वर न्या. गोळा लोळला की धागा हिसके देतो. तो गुंडाळयंत्रावर मधून सुटेल असा गुंडाळा आणि गुंडाळताना धागा मेणाच्या वडीवरून जाऊ द्या.

तिसरी_सुई: आणि वजनं दर ८-१० ओळींनी वर घ्या. लोंबती राहिली की काठाचा टाका सैल पडून सुईवरून वर उचलला जातो. कॅरेज शेवटच्या सुईपुढे जेमतेम जाऊ द्या. फार पुढे नेलं की जास्तीचा धागा ओढला जातो, आणि परतताना मास्टची (धागा वरून ताणून धरणाऱ्या दांड्याची) तार तो ढील आवरू शकली नाही तर काठाला लूप लोंबतो. डावीकडेच होतंय, म्हणजे बहुधा त्या बाजूला कॅरेज जास्त नेताय.

गळालेला टाका आकडी-सुईने वर आणताना लक्षात ठेवा, काठाचा प्रत्येक मोठा लूप दोन ओळींचा असतो. आधी खालचा पदर, मग वरचा.

झुळूक: चाचणी केली. गळती काठाबरोबर सरकली. मग डायल ९, वजनं वर घेत, कॅरेज आखडतं घेऊन ६० ओळी विणल्या, एकही टाका गळला नाही. आता पुढचा भाग यावर विणते, पाठ आहे तशी ठेवते.

उलटसुलट: नाही! पाठ ६ वरची, पुढचा ९ वरचा. ओळींची संख्या तीच ठेवली तर पुढचा भाग लांब आणि रुंद होईल, कडा जुळणार नाहीत. पाठ उसवा. आधी ६० टाके, ६० ओळींचा नमुना विणा, २१व्या आणि ४०व्या टाक्याला रंगीत धाग्याची खूण करा, धुवा, सपाट वाळवा, मग मोजा. २० टाके ८ सेंमी आले तर ५० सेंमी रुंदीला १२५ टाके, शिवणीचे २ वेगळे.

जुनी_पट्टी: उसवलेली लोकर तशीच वापरू नका, कुरळा धागा असमान विणला जातो. लडी करून भिजवा आणि टांगून वाळवा.

झुळूक: म्हणजे आज होत नाही. उसवायला घेतलंय. त्या लडीला खाली वजन लटकवायचं का?

जुनी_पट्टी: हलकं, धागा ताणणार नाही इतकंच.