मेंदूतल्या पेशी जुनं प्रोटीन मोडतात कशा?

बीएस्सीवाली: सरांनी काल युबिक्विटिन शिकवलं, सगळं डोक्यावरून गेलं. न्यूरॉनमध्ये, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या पेशीत, त्याचं एवढं काय विशेष?

जुळे सोलापूरकर: अगं सोपंय, चादरीच्या कारखान्यात खराब नगावर खडूची खूण करतात की नाही तसंच. युबिक्विटिन हे 76 अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रोटीन, त्याची साखळी, सहसा चार-एक मण्यांची, खराब प्रोटीनला चिकटली की प्रोटिआसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन तोडायचं यंत्र, ते प्रोटीन आत ओढून बारीक तुकडे करतो आणि युबिक्विटिन मात्र सोडवून परत वापरात. खूण कुणावर करायची ते ई3 लायगेज नावाचं एन्झाइम ठरवतं, खरा कंट्रोल तिथंच. 2004 चं केमिस्ट्रीचं नोबेल याच शोधाला.

पॅथॉलॉजीवाला: न्यूरॉन विभागत नाही, म्हणून कचरा दोन पेशींत वाटला जात नाही, साठतो. त्यात कमरेपासून पायापर्यंतचा अ‍ॅक्सॉन, म्हणजे न्यूरॉनचा लांब धागा, मीटरभर लांब! टोकाला ऑटोफॅगीच्या (पेशीनं स्वतःचाच कचरा गिळून मोडायच्या) पिशव्या भरतात आणि डायनीन हे ओझं वाहणारं प्रोटीन त्या ओढत पार पेशीच्या मुख्य भागाकडं आणतं.

बीएस्सीवाली: चादरीचं लगेच पटलं ओ, पप्पा लूमवरच असतात. पण खूण करणाराच बिघडला तर?

पॅथॉलॉजीवाला: पार्किन या प्रोटीनबद्दल वाच. तेही ई3च, त्याचं जनुक बिघडलं की कमी वयात पार्किन्सन होऊ शकतो.