सेंट अँड्र्यूज (स्कॉटलंड) आणि आसपास : हातात चार-पाच दिवस असतील तर गोल्फ कुठे खेळाल? (अनुभव धागा)

सुट्टीत इंग्लंडात मुलांकडे येणारे आणि कामासाठी एडिंबरात उतरणारे, दोघांचा प्रश्न एकच : चार-पाच दिवस मोकळे आहेत, किट पुण्याहून आणावं का, आणि खेळावं कुठे? नुसत्या नावांच्या याद्या कुठेही मिळतात. ज्यांनी त्या बाजूला खेळलंय त्यांनी इथे कामाचं लिहा. बुकिंग कसं होतं, हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) किती लागतो, गाडी नसेल तर काय, पैसे कुठे वाया जातात. 'मी अमक्या होलला बर्डी मारली' हे इथे नको, त्याला एकोणिसावा होल (खेळानंतरच्या गप्पांची जागा) आहे. हद्द : फाइफ (सेंट अँड्र्यूज ज्या भागात येतं तो), उत्तरेला कार्नूस्टी, दक्षिणेला एडिंबरा आणि ईस्ट लोथियन.

सुरुवात मीच करतो. ओल्ड कोर्स (सेंट अँड्र्यूजचा सगळ्यात जुना, प्रसिद्ध कोर्स) मिळेल असं धरून बाकीची सहल त्याच्याभोवती बसवू नका. आगाऊ टी टाइमसाठी (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) आदल्या वर्षीच अर्ज करावा लागतो, त्यामुळे आयत्या वेळी येणाऱ्याला बॅलट (ग्रुपसाठीची सोडत) किंवा एकट्यांचा ड्रॉ हेच दोन रस्ते. दोन्ही नशिबावर. म्हणून आधी बाकीचे कोर्स पक्के करा, आणि ते असे निवडा की ओल्ड कोर्स लागलाच तर एखादी वेळ सरकवता किंवा सोडता येईल. रद्द करण्याची मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती बुकिंग करतानाच वाचा. पैसे जातात ते बहुधा इथेच.

कॅडीकाका :

बॅलटचं नीट सांगतो, कारण यात लोक तारखेचा घोळ घालतात. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी, दुपारी 2 च्या आत नावं द्यायची. गुरुवारी खेळायचं तर मंगळवारी. उन्हाळ्यात तिथले दुपारचे 2 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे विमानात बसण्याआधी पुण्यातूनही नाव टाकता येतं. निकाल त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. कमीत कमी दोघं, जास्तीत जास्त चौघं. प्रत्येकाचं नाव, होम क्लब आणि हँडिकॅप इंडेक्स लागतो.

रविवारी ओल्ड कोर्स बंद. गावातली माणसं कुत्री घेऊन फेअरवेवर (खेळायच्या कापलेल्या हिरवळीवर) फिरतात. त्यामुळे सोमवारच्या राउंडचं नाव शनिवारी द्यायचं. बुध ते शनि मुक्काम असेल तर सोम, मंगळ, बुध, गुरू असं चारही दिवस नाव टाकत राहा. नाव देण्याचे पैसे नाहीत. लागलं तरच ग्रीन फी (खेळण्याची फी), आणि ती हंगामात 300 पौंडांच्या वर आहे.

हँडिकॅपची मर्यादा पूर्वी पुरुषांना 24 होती, आता सगळ्यांना 36. इंडेक्स आपल्या क्लबातून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिमचा हवा. सेक्रेटरीच्या सहीचं जुनं पत्र घेऊन जाऊ नका, ताजी प्रिंट किंवा अ‍ॅपवरचा आकडा ठेवा. स्टार्टर (ग्रुपना खेळायला सोडणारा माणूस) विचारतो.

पाचनंबरी :

एकटे असाल तर बॅलट विसरा. 2024 पासून एकट्यांसाठी रोजचा ड्रॉ आहे. आदल्या दिवशी सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मध्ये स्वतः जाऊन नाव नोंदवायचं, पहिल्या टीजवळच्या (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) ओल्ड पॅव्हिलियनमध्ये किंवा लिंक्स क्लबहाउसमध्ये. 5 नंतर फोनवर कळतं. पूर्वी लोक रात्रभर रांगेत बसायचे, ते बंद झालं. ड्रॉमध्ये लागलात तर दोघांच्या-तिघांच्या ग्रुपमध्ये जोडतात.

यातली मेख अशी : नोंदणी हजर राहूनच आहे. एडिंबरात मुक्काम ठेवून हे जमत नाही. ज्याला ड्रॉ खेळायचाय त्याने सेंट अँड्र्यूजमध्येच राहावं, आणि नोंदणी करून उरलेला दिवस तिथल्याच दुसऱ्या कोर्सवर घालवावा.

तिघं मित्र असाल तर? तिघांनी मिळून बॅलट, शिवाय तिघांनी वेगवेगळा ड्रॉ. तिघांनाही एकाच दिवशी लागेल ही आशा सोडा आणि कोणा एकाला लागलं तर रुसायचं नाही हे आधीच ठरवा.

वाऱ्यावरची :

ओल्ड कोर्स सोडून तो चालवणाऱ्या ट्रस्टचे आणखी सहा कोर्स आहेत, आणि माझ्या मते पाहुण्यांची खरी चूक त्यांतून निवडताना होते.

न्यू कोर्स 1895 चा आहे, नावावर जाऊ नका. ओल्ड टॉम मॉरिसची आखणी, ओल्डला अगदी खेटून. हँडिकॅप 20 च्या आत असेल तर पहिली पसंती हाच. ज्युबिली (1897) समुद्राच्या बाजूला आहे, वारा तिथे जास्त लागतो आणि फेअरवे अरुंद. ज्यांचा ड्राइव्ह उजवीकडे वळतो त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. ईडन (1914) मध्यम. स्ट्रॅथटायरमवर सगळे मिळून 15 बंकर (वाळूचे खड्डे), पार (अपेक्षित फटके) 69, पहिल्यांदाच लिंक्स (समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरचा कोर्स) खेळणाऱ्या 25-30 हँडिकॅपवाल्याला तिथे खेळ झाल्यासारखं वाटतं. बालगोव्ह नऊ होलचा, मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी, हँडिकॅपची विचारणा नाही. कॅसल कोर्स (2008) गावाबाहेर कड्यावर आहे. फोटो सुंदर येतात, पण ती खरी लिंक्स जमीन नाही आणि ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) फार उंचसखल. दोनच राउंड मिळणार असतील तर कॅसल वगळा.

घरची मंडळी खेळत नसतील तर त्यांना 'हिमालयाज'वर न्या. ओल्ड कोर्सच्या शेजारी टेकाडांनी भरलेलं पटिंगचं (चेंडू घरंगळवत होलमध्ये टाकायचं) मैदान आहे, 1867 साली स्थापन झालेल्या लेडीज पटिंग क्लबचं. काही पौंडांत पटर-चेंडू मिळतो, 18 होल होतात आणि सासूबाईसुद्धा हरवतात.

नऊहोल :

गाडी नसेल त्यांच्यासाठी. सेंट अँड्र्यूजला रेल्वे नाही. एडिंबराहून तासाभरात ल्यूकर्स, तिथून 99 नंबरची बस. अंतर साधारण 8 किलोमीटर.

रेल्वेने थेट जमणारे तीन :

नॉर्थ बेरिकचा वेस्ट लिंक्स. एडिंबरा वेव्हर्लीहून अर्ध्या तासाच्या आसपास, स्टेशनवरून पहिली टी चालत दहा मिनिटं. ज्याची नक्कल जगभर झाली तो 'रेडान' होल इथला 15 वा. 13 व्या होलला ग्रीनच्या अलीकडे दगडी भिंत आहे. चेंडू भिंतीला चिकटला की मागे खेळावं लागतं, म्हणून दुसरा फटका एक तर पूर्ण पल्ल्याचा, नाही तर मुद्दाम आखूड.

लीव्हन. 2024 च्या जूनमध्ये इथली रेल्वे पुन्हा सुरू झाली आणि एक उत्तम, स्वस्तातला लिंक्स गाडीशिवाय आवाक्यात आला. शेजारचा लंडिन आणि हा एकेकाळी एकच कोर्स होता, 1909 मध्ये मधोमध तोडून दोन झाले. हवं तर एकाच दिवशी दोन्ही होतात.

कार्नूस्टी. डंडीहून पुढे पंधरा मिनिटं. चॅम्पियनशिप कोर्सची फी जड वाटत असेल तर त्याच आवारातला बर्नसाइड खेळा. माती तीच, वारा तोच, बिल बरंच कमी.

एडिंबरात अर्धाच दिवस असेल तर मसलबरा ओल्ड लिंक्स. नऊ होल, रेसकोर्सच्या आत. 1874 ते 1889 मध्ये इथे सहा वेळा ओपन (ब्रिटिश ओपन स्पर्धा) झाली. जुन्या पद्धतीच्या हिकरी लाकडाच्या दांड्याच्या स्टिक भाड्याने मिळतात. शर्यतीच्या दिवशी खेळ बंद, म्हणून आधी शर्यतींचं वेळापत्रक बघा.

हरळी :

कोर्स कुठलाही निवडा, पहिल्या सहा होलपर्यंत आपल्याकडच्या खेळाडूची फजिती एकाच कारणाने होते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हरळीच्या जातीचं गवत. चेंडू त्यावर उचललेला बसतो, त्याच्याखाली वेज (चेंडू उंच उचलणारी स्टिक) सहज शिरते. इथे फेस्क्यू, खाली वाळू, वर टणक. 56 अंशांच्या जाड सोलवाली वेज जमिनीवर आपटून उसळते आणि चेंडूच्या पोटात बसते. तो ग्रीन ओलांडून तीस यार्ड पलीकडे.

उपाय : ग्रीनपासून 30 यार्डांच्या आत असाल आणि मधे बंकर नसेल तर पटर. गवत थोडं वाढलेलं असेल तर 7 किंवा 8 नंबरची स्टिक, पटरसारखी पकड, मनगट बंद, चेंडू उजव्या पायाशी. ग्रीनच्या दहा-पंधरा यार्ड अलीकडे टाकायचा आणि घरंगळू द्यायचा. खेळाच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास एवढंच घोटलं तरी पुरतं.

बंकरच्या भिंती हिरवळीचे थर रचून उभ्या केलेल्या असतात. चेंडू भिंतीपासून हातभर असेल तर पुढे मारू नका. आडवा काढा, जमेना तर मागे. ओल्डवर असे 112 बंकर आहेत आणि निम्मे टीवरून दिसत नाहीत. म्हणून तिथे एकदा तरी कॅडी (बॅग उचलणारा, वाट सांगणारा) घ्या. त्याची फी वेगळी, टिप वेगळी, रोख ठेवा.

गॉर्सची पिवळी काटेरी झुडपं : चेंडू आत गेला की गेला. शोधायला तीनच मिनिटं मिळतात. तिकडे गेल्यासारखा वाटला की टीवरूनच प्रोव्हिजनल (पर्यायी दुसरा चेंडू) मारा. एका राउंडला आठ-दहा चेंडू जवळ असू द्या.

किटबद्दल माझं मत : दोनपर्यंत राउंड असतील तर भाड्याचा सेट, तीन किंवा जास्त असतील तर स्वतःचा. भाड्याचा बरा सेट एका राउंडला 50 पौंडांच्या पुढेच जातो. बूट आणि रेनकोटची पँट मात्र आपलीच हवी. छत्री वाऱ्यात टिकत नाही, त्यापेक्षा हातमोज्यांच्या दोन जोड्या आणा.

पाचनंबरी :

ओल्डवर लागलंच तर दोन गोष्टी. डावीकडे धरा. जाताना (पहिल्या नऊ होलना) उजवीकडे गॉर्स आहे आणि पहिल्याच होलला उजवीकडे हद्दीबाहेर. डावीकडे परतीच्या होलचे फेअरवे असल्याने जागा मुबलक, पण समोरून येणाऱ्यांना आवाज द्या. आणि सात ग्रीन जोडीचे आहेत : 2-16, 3-15, 4-14 असे, बेरीज नेहमी 18. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. चुकीच्या झेंड्यावर मारला की पन्नास यार्डांवरून पटिंग करायचं शिल्लक राहतं.

17 व्याला ग्रीनमागचा रस्ता कोर्सचाच भाग आहे, तिथून सूट मिळत नाही. ग्रीनच्या उजवीकडे आखूड ठेवून पाच फटक्यांत समाधान मानावं.

समुद्रकाठी :

फाइफचा किनारा सेंट अँड्र्यूजवर संपत नाही. गाडी असेल तर दक्षिणेला चला.

क्रेलची गोल्फ सोसायटी 1786 ची. दोन कोर्स आहेत, तुम्ही बाल्कोमी घ्या, समुद्र जवळजवळ प्रत्येक होलवरून दिसतो. पार 69, लांबी कमी. लांब न मारणाऱ्याला इथे मजा. ईलीला 16 पार-फोर, दोन पार-थ्री, पार-फाइव्ह एकही नाही. पहिल्या टीवरून टेकाडामुळे पुढचं दिसत नाही, म्हणून स्टार्टरच्या खोलीत पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. पुढचा ग्रुप हलला की नाही हे त्यातून पाहून तो तुम्हाला सोडतो. त्याने सांगेपर्यंत टी रोवू नका. अँस्ट्रदरला नऊ होल आहेत, संध्याकाळी उरकतात, आणि मग बंदरावर मासे-चिप्स.

किंग्जबार्न्सबद्दल मत विभागलेलं आहे. 2000 मध्ये उघडलेला, देखणा, व्यवस्था चोख, फी ओल्डच्या पंगतीची. हिवाळ्यात बंद. माझं म्हणणं : त्या पैशांत क्रेल आणि ईली दोन्ही होतात, वर जेवण.

कॅडीकाका :

@समुद्रकाठी, असहमत. ज्याला आयुष्यात एकदाच यायचंय आणि ओल्ड लागला नाही, त्याने किंग्जबार्न्स सोडू नये. पण तुमचा ईलीचा मुद्दा मान्य.

सातारकर :

बाबा 72 चे आहेत, गुडघा दुखतो. कार्ट मिळते का? ऑक्टोबरच्या सुरुवातीला यायचा विचार आहे.

वाऱ्यावरची :

ओल्डवर कार्ट नाही. वैद्यकीय कारण असेल तर आधी लिहून विचारावं लागतं. ट्रॉलीसुद्धा सकाळी नाही, दुपारी 12 नंतर. ओल्ड चालायला तसा सपाट आहे, पण 18 होलला चार तास पायांवर. काकांना स्ट्रॅथटायरम किंवा मसलबराचे नऊ बरे. आणि रविवारी ओल्डवरून त्यांना निवांत फिरवून आणा, स्विल्कन पुलावर फोटो फुकट.

ऑक्टोबरची सुरुवात मात्र टाळा. त्या सुमारास डनहिल लिंक्स स्पर्धा असते. ओल्ड, कार्नूस्टी आणि किंग्जबार्न्स तिन्ही अडकतात आणि हॉटेलं महागतात. नोव्हेंबर ते मार्च फी उतरते, पण ओल्डच्या फेअरवेवर प्लास्टिकच्या चटईवरून मारावं लागतं. 2027 मध्ये ओपन सेंट अँड्र्यूजला आहे, त्या उन्हाळ्यात तिथे जायचं तर फक्त प्रेक्षक म्हणून.

नऊहोल :

जूनमध्ये रात्री 10 पर्यंत उजेड असतो. संध्याकाळी 4 नंतरचे दर बऱ्याच ठिकाणी कमी आहेत, त्यामुळे सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन राउंड सहज बसतात. फक्त पूर्वेचा वारा असेल तर हार येतो, म्हणजे समुद्रावरचं दाट धुकं. किनाऱ्यावर झेंडा दिसत नाही आणि पाच किलोमीटर आत लख्ख ऊन असतं. अशा सकाळी प्रो शॉपला फोन करून वेळ दोन तास पुढे मिळते का ते विचारा. कोर्स बंद झाला तर बहुतेक ठिकाणी दुसरी वेळ देतात. तुम्ही न विचारता गेलाच नाहीत तर पैसे गेले.

सातारकर :

आभारी आहे. मग सप्टेंबरचा पहिला आठवडा, मुक्काम सेंट अँड्र्यूज : मंगळवारी स्ट्रॅथटायरम बाबांसोबत, गुरुवारी ईली, शनिवारी लीव्हन. बुधवार आणि शुक्रवार बॅलटसाठी मोकळे ठेवतो. जमेल ना?

कॅडीकाका :

जमेल. बुधवारसाठी सोमवारी दुपारी 2 च्या आत नाव द्या, शुक्रवारसाठी बुधवारी. आणि नाही लागलं तर त्या संध्याकाळीच न्यू कोर्सला त्याच बुधवारची किंवा शुक्रवारची जागा आहे का विचारा. सकाळपर्यंत थांबलात तर उरलेल्या वेळा बाकीच्या न लागलेल्यांनी उचललेल्या असतील.