मदत हवी आहे: निलय (हृदयाचा खालचा कप्पा) आकुंचन पावतंय, तरी रक्त बाहेर का पडत नाही? (नर्सिंग, पहिलं सेमिस्टर)

नमस्कार मंडळी,

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बारावी सायन्स. अॅनाटॉमीबद्दल फार तक्रार नाही; पाठांतर भरपूर आहे, पण हाड हातात घेतलं की लक्षात राहतं. घोडं अडलंय ते फिजिऑलॉजीत, त्यातही कार्डियाक सायकलमध्ये, म्हणजे हृदयाच्या एका ठोक्याच्या चक्रात.

ठोके मिनिटाला 75 धरले तर एक चक्र 0.8 सेकंदाचं, त्यात निलयांचं आकुंचन साधारण 0.3 सेकंद, बाकी वेळ शिथिलता. इथवर ठीक. मग येतं आयसोव्हॉल्युमेट्रिक कॉन्ट्रॅक्शन. निलय आकुंचन पावतंय, दाब वाढतोय, पण आतलं रक्त तेवढंच! आकुंचन म्हणजे लहान होणं ना? वर्गात विचारलं तर "झडपा बंद असतात म्हणून" एवढं उत्तर मिळालं आणि तास पुढे सरकला. पण त्या झडपा उघडतं-मिटतं कोण?

आणि तो आलेख! दाब, आकारमान, ईसीजी, हृदयाचे आवाज, सगळं एकाखाली एक. इंटर्नलला तो हमखास येतो म्हणे. कृपया "बारावीचं पुस्तक परत वाच" सांगू नका, वाचून झालंय.

रातपाळी:
झडपांना स्वतःची ताकद नसते गं. ज्या बाजूला दाब जास्त, तिकडून त्या ढकलल्या जातात, बास. व्हायवात (तोंडी परीक्षेत) "पॅपिलरी स्नायू झडप बंद करतात" असं चुकूनही बोलू नकोस. निलयाच्या आतून दोऱ्यांनी झडपेला जोडलेले ते स्नायू फक्त झडप उलटी अलिंदात (वरच्या कप्प्यात) जाऊ देत नाहीत.

आता डावी बाजू घे. भरणं संपतं तेव्हा निलयात साधारण 120 मिली रक्त असतं आणि दाब जेमतेम 10 मिमी (पाऱ्याचा). महाधमनीत त्या वेळी 80. आकुंचन सुरू झालं की निलयातला दाब लगेच अलिंदापेक्षा वर जातो आणि दोघांमधली मायट्रल झडप मिटते. स्टेथोत पहिला आवाज येतो तो इथला. पण महाधमनीची झडप अजून उघडलेली नाही, कारण पलीकडे 80 आहेत. दोन्ही वाटा बंद, आणि द्रव काही दाबून लहान होत नाही. पाण्याने काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली मुठीत आवळून बघ: जोर लागतो, पाणी तेवढंच राहतं. स्नायूचा ताण वाढतोय, हेच तिथलं आकुंचन. हा टप्पा असतो जेमतेम 0.05 सेकंदाचा. दाब 80 च्या वर गेला की झडप उघडते, 70 मिलीच्या आसपास रक्त बाहेर पडतं आणि 50 मिली आतच उरतं.

वॉर्डात बीपी घेशील तेव्हा खालचा आकडा याच नजरेने बघ. तो 100 असेल तर डाव्या निलयाला दर ठोक्याला आधी 100 पर्यंत चढावं लागतं, मगच रक्त बाहेर. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहिलं की ती भिंत जाड होते, ती या ओझ्यापायी.

पासिंगपुरते:
एवढ्या खोलात कशाला शिरायचं? 0.1 (अलिंदांचं आकुंचन), 0.3 (निलयांचं), 0.4 (सगळे शिथिल) हे आकडे आणि आकृती पाठ करायची. मार्क मिळतात.

खडूफळा:
लेखीला मिळतील. तोंडीला "ठोके वाढले की निलय कमी का भरतं?" असं विचारलं की ते आकडे कामाला येत नाहीत. चक्र आखूड होतं तेव्हा जास्त काटछाट शिथिलतेच्या वेळेत होते, आणि भरणं तर तेव्हाच होतं. तेही बहुतेक आपोआप. अलिंदाचं आकुंचन शेवटची थोडी भर घालतं. म्हणून एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे अलिंदं नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात असा, पेशंट चालता-बोलता दिसतो.

आलेखाबद्दल: तो विगर्सचा आलेख एका दमात पाहूच नकोस. कोऱ्या कागदावर आधी दोनच रेघा काढ, डाव्या निलयातला दाब आणि महाधमनीतला दाब. त्या जिथे एकमेकींना छेदतात, साधारण तिथे महाधमनीची झडप उघडते किंवा मिटते. मग अलिंदाची रेघ. तिचे छेद म्हणजे मायट्रल. आवाज फक्त मिटण्याच्या जागी लिही. ईसीजी सगळ्यात शेवटी, आणि क्यूआरएस (निलयांच्या विद्युत संदेशाची उंच लाट) आकुंचनाच्या किंचित आधी सुरू कर, कारण आधी विद्युत संदेश, मग हालचाल. छापील आकृती झाकून हे काढता आलं की झालं.

धागाकर्ती:
रातपाळी ताई, खूप आभार! रेघा काढून पाहिल्या, दुसरा आवाज कुठे येतो तेही सापडलं. तिथून पुढे थोडा वेळ परत दोन्ही झडपा बंद दिसतात, म्हणजे दाब उतरतोय पण रक्त तेवढंच, बरोबर ना? आणि उजव्या निलयालाही 80 पर्यंत चढावं लागतं का?

रातपाळी:
पहिलं अगदी बरोबर, तेच आयसोव्हॉल्युमेट्रिक रिलॅक्सेशन. दुसऱ्याचं उत्तर नाही. फुप्फुसाच्या धमनीत दाब साधारण 25/10 असतो, त्यामुळे उजव्या निलयाचं काम कमी दाबात भागतं आणि त्याची भिंतही पातळ असते. रक्त मात्र दोन्ही बाजूंनी सारखंच बाहेर पडायला हवं. तसं नाही झालं तर ते कुठे साचेल, ते आता तू सांग.