प्रोग्रामर ते गुंतवणूकदार: पॉल ग्रॅहम यांच्याविषयी थोडी भर
पॉल ग्रॅहम यांनी कंपनी विकून हाती आलेल्या पैशाच्या बळावर गुंतवणूकदार म्हणून नाव कमावले, असे म्हटले जाते; हे मत मला अपुरे वाटते. याहूने १९९८ मध्ये सुमारे ४.९ कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात त्यांची व्हायावेब ही ऑनलाइन दुकाने उभारण्याचे सॉफ्टवेअर देणारी कंपनी घेतली हे खरे. पण १९९५ मध्ये रॉबर्ट मॉरिस यांच्यासह ती उभारताना ग्रॅहम यांनी जे केले, ते अधिक मोलाचे आहे.

त्यांचे मुख्यतः लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले सॉफ्टवेअर ग्राहकाच्या संगणकावर नव्हे, तर कंपनीच्या सर्व्हरवर चाले आणि दुकानदार ब्राउझरमधून आपले दुकान मांडे, त्यामुळे दुकानदार फोनवर तक्रार सांगत असतानाच ती चूक दुरुस्त करता येई. त्याच सुमारास मी मस्जिद बंदरच्या एका घाऊक व्यापाऱ्याला हिशेबाचा प्रोग्राम लिहून दिला होता आणि बेरजेतली एक चूक काढायला फ्लॉपी खिशात घालून अंधेरीहून लोकलने जात असे, म्हणून हा फरक मला फार जवळून कळतो.

२००५ मध्ये जेसिका लिव्हिंग्स्टन, मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल यांच्यासह सुरू केलेल्या वाय कॉम्बिनेटर या नवउद्योगांत गुंतवणूक करणाऱ्या संस्थेत हीच दृष्टी दिसते: थोडे भांडवल, अनेक नवउद्योग एकाच तुकडीत आणि ग्राहकाशी थेट बोलण्याचा आग्रह. पहिल्या तुकडीत रेडिट हे चर्चेचे संकेतस्थळ होते. आपल्याकडे पवईत, आयआयटीच्या परिसरात, अशी धडपडणारी मुले आहेत. त्यांना पैशाइतकीच गरज आहे ती स्वतः कोड लिहिलेल्या गुंतवणूकदाराची.